रिकामा डबा परत जात नाही

दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचा डबा आला, की आई तो रिकामा करून घासायची, पुसायची आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. तो लगेच परत जायचा नाही. चार दिवसांनी आमच्याकडे काही गोडधोड झालं, की त्यातलं थोडं त्या डब्यात पडायचं आणि मगच डबा शेजारी जायचा. काहीच झालं नाही, तर मूठभर साखर तरी. "रिकामा डबा परत देऊ नये," एवढंच कारण ती सांगायची आणि आम्हाला ते पुरायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मोडला म्हणून कुणी भांडायला येणार नाही. तरीही रिकामा डबा हातात घेऊन शेजारची बेल वाजवायची वेळ आली, तर हात अडखळतो.

औषध कंपन्या डॉक्टरांना देतात त्या भेटी आणि डॉक्टर लिहितात त्या चिठ्ठ्या यांच्या नात्यावरचं संशोधन मी वाचायला घेतलं, तेव्हा डोक्यात लाचलुचपतीचं चित्र होतं. परदेशवाऱ्या, सोन्याची नाणी, जाड पाकिटं. वाचत गेलो तसतसा तो साखरेचा डबाच जास्त आठवायला लागला. कारण मला सगळ्यात थक्क केलं ते वीस डॉलरच्या आतल्या एका जेवणाने.

ते जेवण संशोधकांच्या हाती कसं लागलं, तिथपासून सांगायला हवं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात घरातला एक विश्वासू माणूस वही घेऊन बसतो. पाकीट आलं, की नाव, गाव, रक्कम. पुढे कधीतरी देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं, की ती वही कपाटातून बाहेर येते आणि त्यांनी आपल्याला काय केलं होतं ते पाहून आपला आहेर ठरतो. अमेरिकेने २०१० साली कायदा करून अशीच एक वही घातली, आख्ख्या देशाची आणि कुणालाही वाचता येईल अशी. चक ग्रासली आणि हर्ब कोल या दोन सिनेटरांनी, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, ही मागणी लावून धरली होती. ओबामांच्या आरोग्य सुधारणा कायद्यात तिला जागा मिळाली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी कोणत्या डॉक्टरला काय दिलं, किती रकमेचं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या औषधाच्या निमित्ताने, हे सरकारला कळवायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये ही वही लोकांसाठी खुली झाली. 'ओपन पेमेंट्स' असं तिचं नाव. डॉक्टरचं नाव टाकलं, की ओळीमागून ओळ येते. तारीख, कंपनी, औषध, प्रकार: खाद्यपदार्थ आणि पेय, रक्कम. कुठल्यातरी मंगळवारी दुपारी दवाखान्यात आलेलं सँडविच तिथे नोंदलेलं असतं.

अमेरिकन सरकारकडे दुसरीही एक वही होती. ज्येष्ठ नागरिकांसाठी तिथे 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना आहे. तिच्या पैशातून दिलेल्या औषधांची नोंद डॉक्टरवार ठेवली जाते. एका वहीत कुणी काय खाल्लं, दुसऱ्या वहीत कुणी काय लिहिलं. या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहायचं एवढंच बाकी होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कोलेट डीजाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. त्यांनी २०१३ सालच्या नोंदी घेतल्या. डॉक्टर किती? २,७९,६६९. औषधं फक्त चार. कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी नेबिव्होलॉल आणि ओल्मेसार्टन, नैराश्यासाठी डेसव्हेन्लाफॅक्सिन. यातली पहिली तीन आज आपल्याकडेही कितीतरी घरांतल्या गोळ्यांच्या डब्यांत सापडतात. त्या वेळी अमेरिकेत मात्र ही चारही महागड्या ब्रँडच्या नावाने विकली जात होती, आणि त्याच कामाची जुनी, स्वस्त जेनेरिक औषधं बाजारात होती. म्हणजे डॉक्टरपुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

या चार औषधांच्या निमित्ताने डॉक्टरांना जे जे मिळालं, त्यातल्या ९५ टक्के नोंदी जेवणाच्या होत्या. सरासरी किंमत वीस डॉलरपेक्षा कमी. आता दुसरी वही उघडा. ज्यांनी त्या औषधाच्या निमित्ताने एकदाच, फक्त एकदाच, जेवण घेतलं होतं, त्यांच्याकडून रोसुव्हास्टॅटिन लिहिलं जाण्याची शक्यता जेवण न घेतलेल्यांच्या १.१८ पट होती. ओल्मेसार्टनची १.५२ पट. नेबिव्होलॉलची १.७० पट. डेसव्हेन्लाफॅक्सिनची २.१८ पट. जेवणं वाढली तसा आकडा वाढला. जेवण वीस डॉलरच्या वरचं असेल तरीही वाढला.

मी हे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. अमेरिकेतल्या डॉक्टरची कमाई काय असते याची आपल्याला साधारण कल्पना आहे. त्या माणसाला वीस डॉलरचं जेवण म्हणजे काहीच नाही. एवढ्यासाठी कुणी स्वतःला विकत नाही, आणि तसं म्हणणं हा त्या डॉक्टरांवर अन्याय होईल. मग सँडविच आणि चिठ्ठी यांच्यामध्ये नेमकं काय घडतं?

आधी एक शंका, जी डीजाँग आणि सहकाऱ्यांनाही होती. कोंबडी आधी की अंडं? ज्या डॉक्टरला ते औषध आधीच आवडतं, तोच कदाचित त्या कंपनीचं जेवण घेत असेल. किंवा कंपनीचा माणूस, जो जास्त लिहितो त्याच्याकडेच जास्त जात असेल. दोन वह्या जुळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, आणि त्यांनी तसा दावा केलाही नाही.

ही शंका मनात ठेवूनच जुन्या संशोधनात शिरलो आणि १९९२ सालच्या एका छोट्या अभ्यासापाशी अडकलो. क्लीव्हलँड क्लिनिक या नावाजलेल्या रुग्णालयातल्या वीस डॉक्टरांना दोन कंपन्यांनी आपापल्या औषधावरच्या चर्चासत्रासाठी उबदार हवेच्या पर्यटनस्थळी नेलं, दहा-दहा जणांना, सगळा खर्च कंपनीचा. एक औषध शिरेतून देण्याचं प्रतिजैविक, दुसरं हृदयविकाराचं, तेही शिरेतूनच. जेम्स ऑर्लोस्की आणि लिऑन वातेस्का या संशोधकांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं, या सहलीचा तुमच्या औषध लिहिण्यावर परिणाम होईल का? बहुतेकांनी नाही म्हणून सांगितलं. मग संशोधकांनी डॉक्टरांना काही न विचारता रुग्णालयाच्या औषधभांडाराचा हिशेब तपासला. सहलीआधीचे २२ महिने आणि नंतरचे १७ महिने. पहिल्या औषधाचा सरासरी वापर ८१ एककांवरून २७२ वर गेला होता. दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर. त्याच काळात देशातल्या इतर मोठ्या रुग्णालयांत ही औषधं अशी वाढली होती का, हेही त्यांनी पाहिलं. नव्हती.

इथे आधी आणि नंतर स्पष्ट आहे. डॉक्टर तेच, रुग्णालय तेच, मधे फक्त एक सहल. आणि ते "नाही" म्हणणारे डॉक्टर खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्याचा पुरावा २००१ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे. शिकाऊ डॉक्टरांना विचारलं गेलं, कंपन्यांच्या भेटीगाठींचा तुमच्यावर परिणाम होतो का? ६१ टक्के म्हणाले, होत नाही. मग विचारलं, तुमच्या सहकाऱ्यांवर? सहकाऱ्यांवरही तसाच परिणाम होत नाही असं मानणारे निघाले १६ टक्के. शेजारच्या टेबलावर बसलेल्याचा कल दिसतो, स्वतःचा दिसत नाही. डोळ्याला सगळं दिसतं, फक्त डोळा दिसत नाही, तसलाच हा प्रकार.

आता त्या सँडविचपाशी परत येऊ. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे: मिंधा. पैसे घेऊन विकला गेलेला तो मिंधा नव्हे. ज्याच्यावर कुणाचे उपकार आहेत आणि त्यामुळे ज्याची मान किंचित खाली गेली आहे, तो मिंधा. आणि याच भावनेची उजळ बाजू दाखवणारा वाक्प्रचार आपण अभिमानाने वापरतो: खाल्ल्या मिठाला जागणे. मीठ किती खाल्लं याचा हिशेब त्यात नाही. चिमूटभर पुरतं. ज्याला चिमूटभर मिठाची जाण नाही त्याला आपण कृतघ्न म्हणतो. म्हणजे वीस डॉलरच्या जेवणाने हलणारं मन बिघडलेलं आहे असं नाही. आपण पोरांना जसं घडवतो अगदी तसंच ते घडलेलं आहे. या सगळ्या विषयात मला कोणती एक गोष्ट सांगायची असेल, तर ती हीच.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. पॅसिफिक बेटांपासून उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांपर्यंत त्यांना एकच तिपेडी नियम दिसला. द्यावं लागतं, घ्यावं लागतं, परत करावं लागतं. १९७१ साली डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाने तोच नियम प्रयोगशाळेत आणला. प्रयोगात सामील झालेल्या विद्यार्थ्याला त्याच्या जोडीदाराने मधल्या सुटीत न मागता कोकची बाटली आणून दिली. हा जोडीदार आतून संशोधकाचाच माणूस. थोड्या वेळाने त्याने विचारलं, माझ्याकडची लॉटरीची तिकिटं घेणार का? ज्यांना कोक मिळालं होतं त्यांनी, न मिळालेल्यांच्या मानाने, जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. कोकच्या किमतीपेक्षा तिकिटांचे पैसे जास्त झाले. साखर घालून डबा परत गेला, आणि साखर फराळापेक्षा महाग पडली!

मेंदूत याचा माग लागतो का? टेक्सासमधल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये रीड माँटेग्यू यांच्या गटाने २०१० साली हे करून पाहिलं. लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली. प्रत्येक चित्राशेजारी एका काल्पनिक कंपनीचं बोधचिन्ह. आधी एवढंच सांगितलेलं, की तुम्हाला आज मिळणारं मानधन यातल्या अमुक कंपनीने दिलं आहे. चित्राचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नव्हता. तरी लोकांना त्या चिन्हाशेजारची चित्रं जास्त आवडली, आणि कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात, आवडनिवड ठरते तिथली हालचालही तसाच कल दाखवत होती. मला यातली सूक्ष्म गोष्ट विलक्षण वाटते. मानधन देणाऱ्याच्या चिन्हाशेजारचं चित्र आहे म्हणून त्यांनी ते आवडून घेतलं असं झालं नाही. ते त्यांना खरोखरच जास्त आवडलं. कल निर्णयाच्या वेळी टपकला नाही; तो आवडीच्या मुळाशीच जाऊन बसला होता. असा कल आतून शोधायचा तरी कसा?

याच गटाने पुढच्या वर्षी चित्रकलेतल्या जाणकारांवर तोच प्रयोग केला. जाणकारांवर मानधनाचा परिणाम दिसला नाही. वाचून क्षणभर हायसं वाटलं. ज्याची नजर तयार झालेली आहे तो वाचतो. मग डॉक्टरांइतकी तयार नजर आणखी कुणाची? तरी त्या दोन वह्या तर वेगळंच सांगतात. माझ्या परीने मी याचा अर्थ असा लावतो. न्यूमोनियाला प्रतिजैविक द्यायचं की नाही, इथे डॉक्टरचं ज्ञान खंबीर उभं असतं, तिथे सँडविचची मात्रा चालत नाही. पण एकाच गटातल्या, जवळजवळ सारखंच काम करणाऱ्या चार गोळ्यांतली कोणती लिहायची, इथे तराजूची दोन्ही पारडी जवळपास समान असतात. ज्ञानाला धरायला जागा नसते, आणि मागे पेशंटची रांग असते. अशा वेळी पारडं झुकायला गव्हाचा एक दाणाही पुरतो. औषध कंपन्यांचा सगळ्यात जास्त खटाटोप अशाच जवळजवळ सारख्या गोळ्यांच्या गर्दीत असतो हे लक्षात घेतलं, की चित्र जुळायला लागतं.

हा दाणा टाकणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या पेशंटच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, पायाशी जड काळी बॅग. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, सगळ्यांच्या तोंडी एमआर. आईला तपासणीला घेऊन गेलो होतो तेव्हा दार अर्धवट उघडं होतं आणि आतलं ऐकू येत होतं. "सर, दोनच मिनिटं." पानं उलटण्याचा आवाज, मोठ्या रंगीत चित्रांची ती फाइल, तिला हे लोक व्हिज्युअल एड म्हणतात. औषधाचं नाव दीड मिनिटात पाच वेळा आलं. मग सॅम्पलच्या पट्ट्या टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि जाता जाता, "परवा मॅडमचा वाढदिवस झाला ना सर?" डॉक्टर मनापासून हसले. दिवसभर दुखणी ऐकणाऱ्या माणसाकडे कुणीतरी दोन मिनिटं प्रसन्न चेहऱ्याने आलं होतं. तो तरुण एमआरही त्याच्या महिन्याच्या टार्गेटखाली दबलेला असणार. त्या खोलीत वाईट माणूस कुणीच नव्हता.

अमेरिकेत एके काळी हे काम केलेले शाहराम अहारी यांनी डॉ. अॅड्रियन फ्यू-बर्मन यांच्याबरोबर २००७ साली एक लेख लिहिला आणि आतली पद्धत उघड केली. डॉक्टरच्या खोलीत शिरल्या शिरल्या नजर फिरवायची. टेनिसची रॅकेट आहे? प्रवासातून आणलेल्या वस्तू? कोणती पुस्तकं? मुलांची नावं, वाढदिवस, आवडीनिवडी टिपून ठेवायच्या आणि पुढच्या भेटीत त्या धाग्याने बोलायला सुरुवात करायची. आणि हे सगळं करताना, कोणता डॉक्टर कोणतं औषध किती लिहितो याचे औषधदुकानांमधून विकत घेतलेले आकडे कंपनीकडे असायचे. म्हणजे मैत्रीच्या टेबलाच्या एका बाजूला वही होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. व्हरमाँट राज्याने अशा आकड्यांच्या वापरावर बंधन घातलं, पण २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

एमआर उपयोगाचा नसतो असं मात्र नाही. गावातला एकटा डॉक्टर नवं औषध आलं हे बहुधा त्याच्याकडूनच ऐकतो, आणि टेबलावरची सॅम्पलची पट्टी कितीदा तरी खिशात पैसे नसलेल्या पेशंटच्या हातात जाते. हे मी पाहिलेलं आहे. पण ती पट्टी संपल्यावर चिठ्ठीवर जे नाव येतं, ते बहुधा त्याच पट्टीवरचं असतं.

महाग गोळी लिहिली, तर पेशंटचे पैसे जातात. काही औषधांत याहून जास्त जातं. अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने लाखो माणसं मेली. २०१८ साली स्कॉट हॅडलँड आणि सहकाऱ्यांनी पुन्हा त्याच दोन वह्या उघडल्या. २०१४ मध्ये या औषधांच्या कंपन्यांकडून ज्या डॉक्टरांना काही ना काही मिळालं, त्यांनी २०१५ मध्ये ही औषधं इतरांपेक्षा ९.३ टक्के जास्त लिहिली होती. आणि जेवणामागे वाढ? दर जेवणाला ०.७ टक्के. एका जेवणाचा एवढा बारीक आकडा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी व्यसन. हा अभ्यास वाचून झाल्यावर मला बराच वेळ दुसरं काही करवलं नाही.

२०२१ साली अॅरन मिचेल आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ३६ अभ्यास एकत्र तपासले. ३० अभ्यासांत पैसे किंवा भेटी आणि जास्त चिठ्ठ्या यांचा संबंध सरसकट दिसला. उरलेल्या सहांत काही ठिकाणी दिसला, काही ठिकाणी नाही. कुठेच काही संबंध दिसला नाही, असा अभ्यास एकही नव्हता.

आपल्याकडे डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेऊ नये असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये केला. गंमत अशी, की घेणाऱ्याला बंदी झाली आणि देणारा मोकळाच राहिला. उलट हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवून कंपन्या आयकरात सूट मागत राहिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती उदय लळीत आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या खंडपीठाने तो रस्ता बंद केला. निकालात सोन्याची नाणी, फ्रीज, एलसीडी टीव्ही आणि परदेशवाऱ्या असा सगळा ऐवज नोंदलेला आहे, आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळून पेशंटकडूनच वसूल होतो, हेही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणली. पुण्याच्या 'साथी' संस्थेचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांना बोलतं करून २०१६ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आपल्याच व्यवसायाबद्दल इतक्या डॉक्टरांनी इतकं मोकळं बोलणं ही मला मोठ्या धैर्याची गोष्ट वाटते. पण डॉक्टरचं नाव टाकून त्या मंगळवारचं सँडविच शोधता येईल, अशी वही आपल्या देशात नाही. त्यामुळे आपल्याकडच्या दोन वह्या कुणाला शेजारी शेजारी ठेवताही येत नाहीत.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. तो २००९ साली छापला गेला. डेव्हिड ग्रँड आणि सहकाऱ्यांनी दोन विद्यापीठांतल्या ३५२ वैद्यकीय विद्यार्थ्यांना एका चाचणीसाठी बोलावलं. आल्यावर नाव नोंदवायला काहींच्या हाती साधा क्लिपबोर्ड दिला, काहींच्या हाती 'लिपिटॉर' या कोलेस्टेरॉलच्या प्रसिद्ध ब्रँडचं नाव छापलेला. टिपणासाठी कागदही त्याच नावाचे. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग संगणकावर चाचणी, लिपिटॉर आणि त्याचा प्रतिस्पर्धी 'झोकोर' ही नावं चांगल्या-वाईट शब्दांशी किती झटकन जोडली जातात हे मोजणारी. मनातला विचार शब्दांत येण्याआधीचा कल यात दिसतो.

मायामी विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलांच्या हाती तो छापील क्लिपबोर्ड पडला होता, त्यांचा कल लिपिटॉरकडे झुकला. अर्ध्या किलोचाही नसेल असा एक पुठ्ठा, तोही परत द्यायचा, आणि मन हललं. इथवर आता आपल्याला नवल वाटायला नको. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हाती तोच क्लिपबोर्ड पडला, आणि त्यांचा कल उलट दिशेला गेला. त्यांचं मन लिपिटॉरपासून दूर सरकलं. मोठा फरक हा होता, की त्यांच्या विद्यापीठाने कंपन्यांच्या भेटी आणि जेवणं बंद केलेली होती, आणि मायामीत ती चालत होती. पेनसिल्व्हेनियाच्या मुलांना त्या क्षणी कुणी काही आठवण करून दिली नव्हती. वस्तू तीच, हात तसेच. आधीपासून कानावर पडलेल्या एका नियमामुळे तिचा अर्थ बदलला, आणि तोही विचार करायच्या आत. जो कल आतून दिसत नाही असं मी वर म्हणालो, तो बाहेरून असा वळवता येतो.

आणि हे विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर? २०१३ साली मरीसा किंग आणि सहकाऱ्यांनी अशा १४ वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासल्या, जिथे २००४ पर्यंत भेटींवर बंधन आलेलं होतं. बंधन येण्याआधी शिकलेले आणि नंतर शिकलेले यांची तुलना केली. मनोविकारांवरची तीन नवी औषधं घेतली. एकाच्या बाबतीत, आणि ते नेमकं वर आलेलं डेसव्हेन्लाफॅक्सिनच, स्पष्ट फरक दिसला नाही. बाकीच्या दोन्हींच्या बाबतीत, बंधनाच्या काळात शिकलेले डॉक्टर जुन्या औषधांऐवजी नवं औषध लिहायला लक्षणीयरीत्या कमी प्रवृत्त होते, आणि महाविद्यालयात बंधनाखाली जितकी जास्त वर्षं गेली किंवा बंधन जितकं कडक, तितका हा परिणाम अधिक.

म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात आज एखादी बाई औषधाच्या दुकानातून जुनी, स्वस्त गोळी घेऊन बाहेर पडत असेल. तिच्या डॉक्टरने ती का लिहिली हे तिला ठाऊक नाही, आणि डॉक्टरलाही ते पूर्ण ठाऊक नसेल. पण काही वर्षांपूर्वी, तो शिकत होता तेव्हा, दुपारच्या व्याख्यानाला जाताना त्याच्या कॉलेजच्या बाहेरच्या टेबलावर कुठल्याही कंपनीचे पिझ्झाचे खोके ठेवलेले नव्हते.